उंबऱ्याच्या आत आलेले सरकार

‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हे वाक्य मराठी माणूस शाळेत एका गुणासाठी पाठ करतो. लेखकाचे नाव, वर्तमानपत्राचे नाव, झालेच तर साल. त्या मथळ्याखाली काय होते आणि लेखक तिथपर्यंत कोणत्या वाटेने आला, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून टिळक म्हटले की मूठ आपटणारा संतापी संपादक डोळ्यांपुढे उभा राहतो. मला या समजुतीचे वाईट वाटते. १८९७ सालच्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंतचे ‘केसरी’तले प्लेगविषयीचे लेखन क्रमाने वाचले, तर संताप त्यात फार उशिरा येतो. त्याआधी येतात सहकार्य, सूचना, तक्रार आणि पुन्हा तक्रार. राजकीय टीका हा आपल्याकडे मोठा साहित्यप्रकार आहे असे मी मानतो, आणि त्याचा उत्तम नमुना म्हणून या पाच-सहा महिन्यांच्या लेखनाकडे बोट दाखवतो. त्याची गोडी एखाद्या जळजळीत वाक्यात शोधू नये. ती क्रमात आहे.

आधी प्रसंग सांगतो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. हिवाळा सरता सरता रोग पुण्यात फैलावला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. कायदा एवढासा, चार कलमांचा. रोग आवरण्यासाठी लागतील ते नियम करण्याचा सरकारला अधिकार, नियम मोडणाऱ्याला शिक्षा, आणि चौथ्या कलमात अशी हमी की या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. हे चौथे कलम वाचकाने लक्षात ठेवावे. पुढच्या सगळ्या गोष्टीची मेख तिथे आहे.

पुण्यासाठी खास प्लेग कमिटी नेमली गेली. अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड हे सनदी अधिकारी. त्यांच्या जोडीला कर्नल फिलिप्स आणि लष्करी डॉक्टर बेव्हरिज. तिघांत पुण्याचा माणूस एकही नाही. १२ मार्चला मेजर पॅजेट यांच्या हाताखाली ८९३ अधिकारी आणि शिपाई, गोरे आणि देशी, प्लेगच्या कामावर लावले गेले. त्यांनी घरोघर शिरून रोगी शोधायचे, रोग्याला इस्पितळात न्यायचे, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत हलवायचे, घर धुऊन पांढरे करायचे, संशयित सामान जाळायचे. हे काम १९ मेपर्यंत चालले. शहराचे आरोग्य आणि शहराचा बंदोबस्त ही दोन कामे एका अध्यक्षाच्या हाती आली, आणि डॉक्टर पुढे की शिपाई पुढे हा प्रश्न गल्लीगल्लीत उभा राहिला.

या धोरणावर टीका करणारा संपादक सनातनी बाजूचा होता. संमतिवयाचा कायदा १८९१ साली आला तेव्हा टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला. मुलीच्या संमतीचे वय १० वरून १२ करणारा तो कायदा. परक्या सरकारने आमच्या घरच्या रीतिरिवाजांत कायद्याने हात घालू नये, सुधारणा समाजाने आपल्या आपण करावी, ही त्यांची भूमिका. त्या वादात मी टिळकांच्या बाजूचा नाही. बारा वर्षांच्या आतल्या मुलीच्या जिवापेक्षा रूढी मोठी नसते, आणि आगरकर तेव्हा जे सांगत होते ते आज वाचताना जास्त खरे वाटते. पण तो वाद इथे आठवायला हवा, कारण त्याशिवाय १८९७ च्या लेखनातली उलाढाल कळत नाही. घराचा उंबरा ही ज्याच्या विचारातली लक्ष्मणरेषा, त्याच्या शहरात सरकार आता उंबरा ओलांडून माजघरात आणि देवघरापर्यंत आले होते. हा माणूस काय लिहील? ‘घरात शिरू नका’ एवढेच लिहील, असा आपला अंदाज.

टिळकांनी तसे लिहिले नाही. या लेखनाचा पहिला आनंद मला इथे मिळतो. रोग्याला वेगळे काढणे आवश्यक आहे, घरे तपासावी लागतील, स्वच्छता करावी लागेल, हे त्यांनी सुरुवातीलाच कबूल केले. लोकांना कमिटीशी सहकार्य करायला सांगितले. रोगाला घाबरून शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांना त्यांनी खडसावले, आणि स्वतः शहरात राहिले. तपासणीच्या पथकांबरोबर फिरले. वर्गणी जमवून हिंदू प्लेग इस्पितळ उघडले, छावणीतल्या लोकांसाठी मोफत अन्नछत्र चालवले. संपादकाच्या चरित्रातले हे तपशील लेखनाच्या रसग्रहणात कशाला, असे कोणी विचारील. मला ते आवश्यक वाटतात, कारण लेखाचा सूर त्यांनी घडवला आहे. छावणीतल्या चुलीवर काय शिजते हे ज्याला माहीत आहे, तो छावणीविषयी लिहिताना अतिशयोक्ती करत नाही. त्याला तिची गरज पडत नाही.

टिळक गणिताचे शिक्षक होते, आणि वकिलीची पदवी घेतलेले होते. त्यांच्या युक्तिवादाच्या बांधणीत दोन्ही गोष्टी दिसतात. भूमितीतल्या सिद्धांतासारखे आधी ‘पक्ष’ मांडायचे: रोग भयंकर आहे, उपाय हवा आहे, उपाय कडक असणार आहे. इथपर्यंत सरकार आणि लेखक एकाच ओळीवर. मग वकिलाचे काम सुरू होते. प्रतिपक्षाला मान्य असलेल्याच गोष्टींतून त्याला अडचणीत आणायचे. तुम्हाला रोग हटवायचा आहे ना? मग लोक रोगी लपवू लागतील अशी रीत का निवडता? तुम्हाला लोकांची मदत हवी ना? मग शहरातल्या जाणत्या माणसांना सल्लागार म्हणून जवळ का घेत नाही? सनातनी माणसाने तत्त्वाचा प्रश्न सोडून दिला आणि तो रीतीच्या प्रश्नावर येऊन उभा राहिला. वरवर पाहता ही माघार आहे. प्रत्यक्षात तिने त्यांच्या टीकेला धार दिली, कारण ‘तुम्ही अडाणी, तुम्हाला आरोग्यशास्त्र कळत नाही’ हे नेहमीचे उत्तर सरकारला आता देता येईना.

ही रीत त्यांना प्लेगाने शिकवली नव्हती. आदल्याच हिवाळ्यात दुष्काळ पडला तेव्हा टिळकांच्या प्रभावाखालच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसे ठाणे आणि आमच्या कुलाबा जिल्ह्यात गावोगाव फिरली होती, आणि सरकारचाच फॅमिन कोड शेतकऱ्यांना समजावून सांगत होती. सारा माफ वा तहकूब कधी होतो, काम कोणी द्यायचे, हे सरकारच्या कागदावर लिहिलेले आहे, तेवढे मागा, असे ते सांगणे. सरकारला सरकारच्या शब्दांनी बांधायचे. भातशेती आणि मिठागरांचा हा आमचा उरण-पनवेलचा मुलूख तेव्हा त्याच कुलाबा जिल्ह्यात होता, म्हणून ‘केसरी’चा तो दुष्काळी अध्याय मला जवळचा वाटतो. प्लेगात मात्र ही रीत थिटी पडली. फॅमिन कोडात रयतेला हक्क होते. साथरोग कायद्यात हक्क नव्हतेच. तिथे फक्त अधिकार होते, आणि चौथे कलम. तक्रार कोणाकडे करायची तर ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याकडेच.

एप्रिल-मेमध्ये ‘केसरी’चा सूर बदलतो तो या अनुभवातून. शिपाई घरात कसे शिरतात, बाया-माणसांना बाहेर आणून कसे तपासतात, देवाच्या मूर्तींना हात कसा लागतो, निरोगी माणसांचे सामान कसे जाळले जाते, अशा तक्रारींचा ओघ लागला. टिळक मुंबई कायदेकौन्सिलचे सभासद होते, त्यांना तक्रारीचे रस्ते ठाऊक होते, आणि ते सगळे रस्ते अध्यक्षांच्या दारात येऊन थांबत होते. मग लेखात पहिल्यांदाच व्यक्ती येते. धोरणाची अंमलबजावणी रँडसारख्या स्वभावाच्या अधिकाऱ्याच्या हाती द्यायला नको होती, हा मुद्दा सरळ नाव घेऊन मांडला जातो. इतके दिवस नाव मागे ठेवले होते, म्हणून ते आता आल्यावर जोरात लागते. आजकाल टीका व्यक्तीपासून सुरू होते आणि धोरणापर्यंत पोचायच्या आधीच दमून जाते. इथे उलटा प्रवास आहे.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. त्या वसंतात प्लेग कमिटीवर टीका करणारे टिळक एकटे नव्हते, आणि सगळे टीकाकार सनातनी तर मुळीच नव्हते. आगरकर १८९५ मध्ये गेले होते, पण त्यांच्या ‘सुधारक’नेही हात राखला नाही. पंडिता रमाबाईंनी मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून सरकारी प्लेग इस्पितळात स्त्रियांची काय आबाळ होते आणि त्यांच्या अब्रूची कशी काळजी घेतली जात नाही, ते उघड केले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी ते आरोप फेटाळले. विधवांसाठीच्या शारदा सदनावरून ‘केसरी’ने ज्या बाईंवर वर्षानुवर्षे आग पाखडली होती, त्या बाई आणि तो संपादक मे १८९७ मध्ये एकाच सरकारला एकच गोष्ट सांगत होते. मला रमाबाईंचे पत्र टिळकांच्या लेखांशेजारी ठेवून वाचावेसे वाटते. टिळक बोलतात घराच्या अब्रूविषयी. रमाबाई बोलतात त्या बाईविषयी, जी घरातही असुरक्षित होती आणि इस्पितळातही. टिळकांच्या गद्यात ही बाई घराचा भाग म्हणून येते. रमाबाईंच्या पत्रात ती स्वतः माणूस म्हणून येते. इथे रमाबाई पुढे आहेत, असा माझा स्वच्छ निर्णय आहे.

आणि सावित्रीबाई फुले. त्यांनी या विषयावर लेख लिहिला नाही. मुलगा डॉ. यशवंत यांच्या पुण्याबाहेरच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्या त्याच रोगाने गेल्या. शिपाई कामावर लावले जाण्याच्या दोन दिवस आधी.

आता दुसऱ्या बाजूचे वाचन. रँड यांनी पुण्यातल्या कामाचा अहवाल लिहायला घेतला होता. त्याचा मसुदा मागे राहिला. स्त्रीच्या मर्यादेचा मुद्दाम भंग झाल्याची एकही विश्वासार्ह तक्रार कमिटीकडे आली नाही, असे समाधान त्यात नोंदवलेले आहे. ‘केसरी’चे लेख आणि हा मसुदा एकाच शहराविषयी, एकाच महिन्यांविषयी बोलतात, यावर विश्वास बसत नाही. मला रँड खोटे बोलत होते असे वाटत नाही. ते आपल्या पेटीत आलेल्या अर्जांची गोष्ट सांगत होते. ज्या बाईला रस्त्यावर उभे करून तपासले, ती त्याच कमिटीच्या दारात, साक्षीदार घेऊन, विश्वासार्ह ठरेल असा अर्ज घेऊन जाईल कशी? राज्यकर्त्याला तक्रार दिसत नाही, आणि तक्रार दिसत नाही म्हणून अन्यायही झाला नाही असे तो मानतो. टिळकांच्या लेखनाचे काम नेमके इथे होते. जी तक्रार दप्तरात शिरू शकत नव्हती तिला त्यांनी वर्तमानपत्रात जागा दिली.

शास्त्राच्या बाजूने पाहिले तर दोघेही अंधारात होते. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिनला सापडला होता. हाफकिनने मुंबईच्या प्रयोगशाळेत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. पण रोग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँने दाखवले ते १८९८ मध्ये, रँड गेल्यानंतर. चुना, कार्बोलिक, उखडलेल्या जमिनी, जाळलेल्या गोधड्या, हे सगळे एका अर्ध्या-मुर्ध्या समजुतीवर उभे होते. टिळकांना हे माहीत असणे शक्य नव्हते. म्हणूनच त्यांची टीका टिकली. ती उपायाच्या शास्त्रीय चूक-बरोबरीवर उभी नव्हती. उपाय बरोबर असला तरी माणसाला असे वागवायचे नाही, या म्हणण्यावर ती उभी होती. शास्त्र बदलले, तिचा पाया हलला नाही. मुंबईत जनरल गॅटेकर यांच्या कमिटीने जातीजमातींच्या पुढाऱ्यांना आणि देशी डॉक्टरांना अधिक विश्वासात घेतले होते. म्हणजे दुसरी रीत त्याच इलाख्यात, त्याच महिन्यांत उपलब्ध होती.

२२ जून १८९७. राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची रात्र. गणेशखिंडीच्या सरकारी बंगल्यावरून परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच ठार झाले, रँड ३ जुलैला गेले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी पुण्याच्या ब्राह्मणांवर, ‘केसरी’वर, कटावर बोट ठेवले. पुण्यावर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च शहराच्या माथी मारला. पुढे जुलैच्या अखेरीस पुण्याच्या नातू बंधूंना विनाचौकशी कैदेत टाकले, तेही १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली. रोगाचा बंदोबस्त संपून आता माणसांचा बंदोबस्त सुरू झाला.

हा बंदोबस्त नुकता सुरू होत असताना, ६ जुलैच्या मंगळवारी, तो मथळा आला. रँडच्या मृत्यूला अवघे तीन दिवस झालेले. खून निंद्यच आहे, हे ‘केसरी’ने म्हटले. पण त्यापुढे ते थांबले नाही. मथळ्याची रचना पाहा. तो प्रश्न आहे. प्रश्नाला उत्तर देता येते. ‘आहे, हे पाहा’ असे म्हणून सरकार शांतपणे वागू शकले असते. संपादकाने दार बंद केलेले नाही. बोली घरगुती आहे. संस्कृतप्रचुर, दरबारी, विनंती-अर्जाच्या मराठीत हा प्रश्न विचारताच आला नसता. घरातला वडीलधारा माणूस बिथरलेल्या तरण्याला ज्या शब्दांत विचारील, ते शब्द इथे साम्राज्याला विचारले आहेत. तेवढ्याने नाते बदलते. रयत धाकटी राहत नाही. आणि मूळ मुद्दा असा की डोके गमावणे ही जबाबदार माणसाची चूक असते. म्हणजे मथळा सरकारला दुष्ट म्हणत नाही, तो त्याला त्याच्याच शहाणपणाची आठवण करून देतो. सनातनी मनाची ही खूण आहे. राज्य उलथवा असे ते म्हणत नाही, राज्याने राज्यासारखे वागावे असे ते म्हणते.

पुढच्याच मंगळवारी, १३ जुलैला, ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे’. प्रश्न विचारून एक आठवडा वाट पाहिली. उत्तर आले ते कृतीतून, म्हणून आता व्याख्या. एका शब्दाचाही अलंकार नाही. राज्यकारभार आणि सूड यांच्यामध्ये एक रेघ ओढली आहे, आणि मारेकरी एक वा दोन असताना शिक्षा शहराला का, हे त्या रेघेच्या कोणत्या बाजूला पडते ते वाचकाने ठरवायचे आहे. दोन्ही मथळे एकत्र वाचले की त्यांची जोडी कळते. पहिला अस्वस्थ, दुसरा थंड. बहुतेक लेखक आधी थंड असतात आणि मग तापतात. टिळक तापल्यावर थंड होतात, आणि तेव्हा त्यांची भाषा सगळ्यांत भेदक असते.

हे दोन मथळे मी उरणजवळच्या जासईत राहून वाचतो, याचा माझ्या वाचनावर परिणाम आहे, तो लपवायचे कारण नाही. आमच्या गावात ‘बंदोबस्त’ हा शब्द वर्तमानपत्रातून आलेला नाही. १६ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळ दास्तान फाट्यावर, आणि दुसऱ्या दिवशी पुढे पागोटे-नवघर भागात, जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी जमलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसे हुतात्मा झाली. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील याच गावचे, आणि तेही कायद्याचे पदवीधर. त्यांची राजकीय घडण शेतकरी कामगार पक्षाची, टिळकांच्या घडणीपासून दूरची. पण मागणी मांडण्याची रीत मला ओळखीची वाटते. नवी मुंबई वसवायला त्यांचा विरोध नव्हता. प्रकल्प मान्य, मग ज्याची जमीन जाते त्याला त्यात वाटा का नाही, असा तो सवाल होता, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले. धोरणाचा हेतू मान्य करून त्याच्या रीतीवर बोट ठेवायचे, आणि मागे हटायचे नाही. दर वर्षी जानेवारीत हुतात्म्यांना अभिवादन करताना ‘राज्य करणे म्हणजे’ या तीन शब्दांपुढे काय लिहायचे, हा प्रश्न आमच्या मनात पुस्तकी राहत नाही.

टिळकांच्या लेखनातल्या उणिवांवर पांघरूण घालून रसग्रहण होत नाही. हिंदू इस्पितळ हे मोठे काम होते, पण जातीचे सोवळे सांभाळून उपचार मिळावेत ही त्याची एक प्रेरणा होती. छावणीत गेलेल्या मजुराची बुडालेली रोजी आणि वाड्यातल्या देवघराचा भंग, या दोन दुःखांपैकी दुसऱ्याचा आवाज ‘केसरी’त मोठा आहे. गोखल्यांशी त्यांनी न्याय केला नाही. वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेलेल्या गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर सैनिकांवर गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा हाती लागेना, तेव्हा त्यांनी ऑगस्टमध्ये जाहीर माफी मागितली. ‘केसरी’ने त्यांना फैलावर घेतले. मला ती माफी प्रामाणिक माणसाची वाटते. सिद्ध करता येत नाही ते मागे घेणे हाही टीकेच्या नीतीचाच भाग आहे, आणि जो संपादक सरकारकडून पुराव्याची शिस्त मागतो त्याने ती सहकाऱ्यात दिसल्यावर मान द्यायला हवा होता.

रँड आणि आयर्स्ट यांना मारणाऱ्या चापेकर बंधूंचा प्रश्न जास्त अवघड आहे. दामोदर चापेकर सनातनीच, किंबहुना टिळकांहून कडवे. देवघराचा तोच अपमान, शिपायांचा तोच राग. एकाच संतापाला इथे दोन वाटा फुटल्या. एक छापखान्याकडे गेली, दुसरी गणेशखिंडीकडे. टिळकांचा कटाशी संबंध कधीही सिद्ध झाला नाही. तरी लेखक म्हणून विचार करताना मला असे दिसते की, लिहून काही होत नाही असे ज्या दिवशी तरुणाला पटते त्या दिवशी तो दुसरी वाट धरतो. ‘केसरी’च्या फेब्रुवारीतल्या सूचना आणि एप्रिलमधल्या तक्रारी सरकारने मनावर घेतल्या असत्या तर जून वेगळा झाला असता, असे मी मानतो. दामोदर १८ एप्रिल १८९८ रोजी फासावर गेले.

जुलैच्या लेखांवर खटला झाला नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली ती १५ जूनच्या अंकातल्या शिवाजी उत्सवाच्या मजकुरावरून. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी राजद्रोहाच्या कलमातल्या ‘अप्रीती’चा अर्थ सांगितला प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा. नऊ ज्युरर होते. सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन हिंदी ज्युररांनी निर्दोष. १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी १२४ अ हे कलम आणखी व्यापक करण्यात आले. त्याच सुमारास सक्तीच्या झडत्यांचे धोरण मात्र सरकारने हळूहळू सैल केले. टीका करणारा तुरुंगात होता आणि त्याच्या टीकेतले म्हणणे कारभारात शिरत होते.

सुटून आल्यावर ४ जुलै १८९९ रोजी त्यांनी पुन्हा संपादकपद हाती घेतले, आणि पहिल्या अग्रलेखाला ‘पुनश्च हरि ॐ’ असे नाव दिले. करोनाची टाळेबंदी सैल करताना २०२० च्या मेअखेरीस तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी हेच शब्द वापरले. त्याआधी मार्चमध्ये राज्यात जो कायदा लागू केला होता, तो त्याच ४ फेब्रुवारी १८९७ चा. एका साथीतला कायदा आणि त्याच साथीतून उगवलेला मथळा, दोन्ही सव्वाशे वर्षांनी एकत्र आले. टाळेबंदीत आमच्या भागातले बंदर अत्यावश्यक म्हणून चालू होते, कंटेनरचे ट्रेलर धावत होते, आणि रस्त्यावर दिसलेल्या पायी माणसाला मात्र जाब द्यावा लागत होता. कडक उपाय तेव्हाही हवेच होते. चौथे कलमही तसेच होते, आणि आजही आहे.

टिळकांच्या ‘केसरी’तल्या लेखांचे संग्रह मिळतात. मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांना, विशेषतः उरण-पनवेलच्या शाळांतल्या शिक्षकांना, माझी विनंती आहे. एका गुणाचा तो मथळा शिकवा, पण त्याआधी फेब्रुवारीतला सहकार्याचा ‘केसरी’ मुलांपुढे ठेवा. मग रमाबाईंचे पत्र आणि रँडच्या मसुद्यातले समाधान शेजारी ठेवा, आणि शेवटी ६ व १३ जुलै. आणि हे सगळे त्याच क्रमाने वाचून घ्या.